मोजणीबाईचं बाड

१२ नोव्हेंबर

प्रिय मोजणीबाई,

तुझा पत्ता तुझ्या भाचीकडून मिळवला. ती इथेच शिकते आणि पुस्तकं वेळेवर परत करते, म्हणजे तुझ्यावर गेलेली नाही. तू बरी असशील. गुडघे सोडले तर मीही बरी आहे.

नदीवर पूल झाला, पण पुलाने वळसा पडतो म्हणून पहिल्या तासाची मुलं अजून नावेनेच येतात. परवा नावाडी विचारत होता, "तुमची ती मोजणीबाई कुठे असते हो? घरी येऊन माणसं मोजली, वल्ही मोजली, वर विचारलं, सासू-सुनेचं भांडण महिन्यातून किती वेळा? मी खरं सांगितलं, तर बायको आठवडाभर बोलली नाही." कॉलेजसमोरच्या गल्लीत अजून घरटी एक खोली मुलांना भाड्याने असते, आणि यंदाची मुलं गेल्या वर्षीपेक्षा वाईट, असं प्रत्येक घरमालकीण अजून सांगते. सुट्टी लागली की शहर रिकाम्या पिंपासारखं वाजतं.

तुला हे सांगणं म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगणं. पदवीसाठी दोन वर्षं दारोदार फिरून या शहराची पाहणी तूच लिहिलीस.

मी पाल्हाळ लावते आहे. का, ते तुला माहीत आहे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तू पाहणीचं बाड ग्रंथालयात जमा करायला माझ्या हातात दिलंस. नोंद करून पोच द्यायला हवी होती. मी म्हटलं, "पोच उद्या देते, आज घरी नेऊन वाचते." आमच्या घराबद्दल तू काय लिहिलंस ते मला बघायचं होतं, एवढंच. पहाटे नदी घरात शिरली आणि बाड कॉटखाली होतं.

पाणी ओसरल्यावर पानं चिमटे लावून दोरीवर वाळवली. सगळी आक्रसली; वाया गेली समजून मी न वाचताच बांधून ठेवली. चार दिवसांनी तुझ्या सरांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे काही आलं नाही." नोकरी कच्ची होती, घरात आई आणि धाकटी. तू शेजारीच उभी होतीस. माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि सरांना म्हणालीस, "नावेत विसरले असेन."

त्या वाक्याबरोबर तुझी पदवी गेली. नावाडी बिचारा दोन दिवस नाव धुंडाळत होता.

पुढे कधीही सांगता आलं असतं. एक वर्ष गेलं, मग दुसरं सोपं गेलं. अशी बावीस झाली.

यंदा कॉलेजला शंभर वर्षं होतात. शहराची माहिती छापायची म्हणून प्राचार्यांनी जुने कागद मागितले. सोमवारी मी बाड त्यांच्या टेबलावर ठेवलं, वर माझ्या सहीचा कबुलीजबाब. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "अहो, सगळं नीट वाचता येतंय की." तू पेन्सिलीने लिहायचीस; एक अक्षर पुसलेलं नाही. सुकल्या सुकल्या दिलं असतं तरी चाललं असतं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

पाहणी तुझ्या नावाने छापतील. पदवीसाठी त्यांनी विद्यापीठाला लिहिलं आहे. तुझी संमती हवी. कागद सोबत आहे. माझी चौकशी होईल. होऊ दे. तू सही करशील की कागद फाडशील, ते तुझ्यावर.

आमच्या घराचं पान मी इतकी वर्षं उघडलं नव्हतं. रविवारी, बाड द्यायच्या आदल्या रात्री, तेवढं एकच उघडलं. "घर क्रमांक एक्केचाळीस. माणसं तीन, तिन्ही बायका. थोरली ग्रंथालयात. गल्लीत कुणाचं काही हरवलं, तर आधी हिला विचारतात."

तू कधी विचारलं नाहीस. तरी सांगते, तुझं बाड माझ्याकडे होतं.

घर क्रमांक एक्केचाळीसमधली,
थोरली