ड्रॅगन वळतो

प्रिय अमोघ,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मेलवर लिहिते. आधी बातमी. तुझा ड्रॅगन वळला. आमच्या जानकीपुरमच्या घरात, रविवारी सकाळी, बाबांच्या हातून.

गेले तीन आठवडे तू काय वाचत असशील ते मला माहीत आहे. खेळांवर लिहिणं हेच माझं काम, त्यामुळे तुझ्या ‘पंखवाट’ची सगळी परीक्षणं मीही वाचली. पंख सुंदर, आभाळ सुंदर. पण ड्रॅगन ठरलेल्या वाटेनंच उडतो, आपण पाठीवर बसून नुसता नेम धरायचा, आणि दोन तासांत खेळ संपतो. गोमतीनगरचा तो व्हिडिओवाला म्हणाला, भाई, ये गेम नहीं, झूला है. आणि ते निनावी परीक्षण, ज्यातलं एक वाक्य सगळीकडे फिरलं: ‘ज्याला वळता येत नाही, त्याला ड्रॅगन म्हणू नये.’ शंभरात सरासरी अठ्ठावन्न. तुझी बहीण सांगत होती की तुझ्याबरोबर खेळ बनवणारे दोघे साथीदार महिनाअखेरपर्यंत वाट बघतील, मग नोकऱ्या धरतील.

रविवारी बाबा कंटाळले होते. मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या टप्प्यात करड्या पक्ष्यांची रांग येते ना, तिथे त्यांनी बटणावरचं बोट उचललं. मी म्हटलं, मारा ना बाबा. तर म्हणाले, अच्छा? आणि आपलेच असले तर? आपल्या दोघांचे बाबा बख्शी का तालाबच्या हवाई तळावर एकाच युनिटमध्ये होते, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं रडारच्या पडद्यासमोर बसले, आणि ओळख पटल्याशिवाय बटणाला हात नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हात तसाच आहे.

बाबा पक्षी मोजत बसले. सतरा. मी वैतागून उठणार, तेवढ्यात ड्रॅगननं मान वळवून मागे पाहिलं. एकदाच. मग डावा पंख खाली टाकून तो वाट सोडून गेला. खाली मोहरलेली आंब्याची झाडं, रांगाच रांगा. बाबा ओरडले, अगं, हे तर आपलं मलिहाबाद! आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. अमोघ, मी सोफ्यावर उभी होते. गोळी झाडली नाही तर तो वळतो, हे तू कुठे लिहिलं नाहीस, खेळात सुचवलं नाहीस, एकाही समीक्षकाला कळवलं नाहीस. इतक्या शिव्या खाल्ल्यास आणि गप्प बसलास. किती हट्टी आहेस रे!

तो चाळीस सेकंदांचा तुकडा मी लगेच इंटरनेटवर टाकला. सोमवारी लोक गोळी न झाडता उडू लागले. मंगळवारी चेन्नईच्या एकीला तिसऱ्या टप्प्यात आणखी एक वळण सापडलं, बर्फाकडे जाणारं. काल तिघा समीक्षकांनी आपली परीक्षणं नव्यानं लिहिली. झूलावाल्यानं कान धरून माफी मागितली. मी लिहायला बसले तेव्हा सरासरी एकोणसत्तर होती, आता एकाहत्तर आहे. बाबा भाजीवाल्या भैयालाही सांगून आलेत, अपने यूनिट का लड़का है. साथीदारांना थांबव. आजच थांबव.

ते निनावी परीक्षण मी लिहिलं. आमच्या संकेतस्थळावर नावं छापत नाहीत, आणि तू माझा मित्र आहेस हे मी संपादकांना सांगितलं नव्हतं. ओळखीच्याला झुकतं माप दिलं असं कुणाला वाटायला नको, म्हणून जास्तच कडक झाले. समोर आलेलं सगळं मारत दोन तासांत खेळ संपवला. ते वाक्य सुचलं तेव्हा मला आनंद झाला होता. तोही लपवत नाही. छापलेले गुण आमच्याकडे बदलत नाहीत, पण दुसरं परीक्षण लिहायची परवानगी मी मिळवली, नावासकट. ते आज संध्याकाळी पाचला येईल. पहिलं कुणी लिहिलं होतं, ते त्याच्या पहिल्याच ओळीत आहे. तुला ते तिथे कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आता साडेतीन झालेत.

तुझीच, निदान पाचपर्यंत,
उत्कर्षा