भोकांची शाल

भोगी, संध्याकाळ. अमरावती.

कापूसवाल्या साहेबाच्या मडमेकडून आकड्याच्या सुईने विणायला शिकले आणि उद्याच्या हळदीकुंकवासाठी जाळीची शाल विणली. घरचा सगळा कापूस बाजारात गेला, म्हणून सूत काढलं उशीतल्या कापसाचं. पण इतक्या भोकांत ऊब राहते कशी? मडमेला विचारलं, ती नुसती हसली.

सासूबाई म्हणाल्या, "एवढी भोकं काहून ठेवली वं? हे फाटकं पांघरून बायांत जाशीन?"

मी उद्यासाठी काढून ठेवलेल्या त्यांच्या काळ्या चंद्रकळेवर शाल पसरली. भोकांतून काळं दिसलं आणि पांढरी फुलं उठून आली. मघाशी कुठे होती ही फुलं?

सासूबाईंनी एका फुलावरून बोट फिरवलं. मग शाल स्वतःच्या खांद्यावर घेऊन म्हणाल्या, "काठाले भोकं कमी पडली. सकाळपर्यंत अजून पाड."

म्हणजे उद्या त्या पांघरणार. आणि मी?