स्टोव्हचा भडका

उल्हासनगर,
फेब्रुवारी १९८८

प्रिय सरूताई,

हे पत्र बनूबाईच्या हाती देतेय. पोस्टाने आलेलं पत्र तुझ्या सासूबाई आधी फोडतात आणि मग तुला देतात, हे मला ठाऊक आहे. बनूबाई तुमच्याकडे भांडी घासायला येते, ती गुपचूप तुझ्या हातात ठेवेल. मोरीचं दार लावून वाच. लहानपणी आपण दोघी घरच्या मोरीत अशाच लपून आईच्या चिंचा खायचो.

आधी माझी खबरबात. ट्रेनिंगला लागल्यापासून तुझ्या या भित्र्या भागूबाईची नुसती तारांबळ चालली होती. घरी कोंबडी कापायची म्हटलं की मी शेजारी पळायचे, आणि तू म्हणायचीस, ही नर्स झाली तर पेशंटच हिला पाणी पाजतील. अगदी तस्सं झालं बघ. पहिलं इंजेक्शन एका सिंधी आजींना द्यायचं होतं. माझा हात इतका थरथरला की त्याच म्हणाल्या, "बेटी, पहले तू बैठ जा." मग एकदा हातातला ट्रे पडला आणि अख्खा वॉर्ड दचकून उठला. सकाळी टोपीला पिना लावतानाच वाटायचं, सरळ स्टेशन गाठावं आणि बदलापूरला आईकडे निघून जावं.

आमच्या इन्चार्ज सिस्टर केरळच्या. इतकी वर्षं इथे राहून त्यांच्या हिंदी-मराठीची पार खिचडी झाली आहे. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हात कापतो ना, तर पेशंटचा हात पकड. फिर दोनों का कापना बंद." मी करून पाहिलं आणि हळूहळू जमायला लागलं. तेव्हा मला आपली संक्रांत आठवली. तू आईकडे आली होतीस, तुला भाजलं होतं, त्यावर मलम लावायला मी मोठ्या हौसेने पुढे झाले, आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलीस. माझा हात कापतोय हे तुला कळलं. तूच हात मागे करून माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, घाबरू नकोस गं, पंप जास्त मारला, स्टोव्हचा भडका उडाला, एवढंच. म्हणजे माझी पहिली पेशंट तूच, आणि सिस्टरांच्या आधी हे शिकवणारीही तूच.

मग मला भाजलेल्या बायकांच्या खोलीत ड्यूटी लागली. आईला परवापर्यंत यातलं काही सांगितलं नव्हतं. तो वास कपड्यांत बसतो, केसांत बसतो, शिकेकाईनेही जात नाही. सुट्टीला घरी गेले तर आईने माझ्यासाठी मुद्दाम निखाऱ्यावर वांगं भाजायला घातलेलं. मला भरीत किती आवडायचं! मी मोरीत जाऊन ओकले. आईला वाटलं, पित्त झालं असेल.

त्या खोलीत एक गंगू होती, माझ्याच वयाची. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा तिचा नवरा आणि सासू दारातच उभे होते. गंगू म्हणाली, स्टोव्हचा भडका उडाला. तिथल्या बहुतेक जणी हेच म्हणतात आणि मला ते खरंच वाटायचं. घरोघरी स्टोव्ह आहेत, भडका उडायला कितीसा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगसाठी तिला कुशीवर वळवलं. तिचा हात मी धरला होता. पट्टी सोडता सोडता सिस्टर थांबल्या. गंगूच्या चेहऱ्याला, छातीला, पोटाला कुठे धगसुद्धा लागली नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत पाठ मात्र सगळी गेलेली. सिस्टर पुटपुटल्या, "स्टोव को पीठ दिखा के कौन खाना पकाता है?"

त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी हवालदाराला. तो म्हणाला, बाई स्वतःच्या तोंडाने बोलतेय, तर आम्ही काय करणार? सासू चहाला गेली तेव्हा मी गंगूला विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू सिस्टर, पोरगी त्यांच्याकडं हाय." पुन्हा विचारलं की डोळे मिटून घ्यायची. जखमा चिघळल्या, ताप उतरेना, आणि गेल्या आठवड्यात दुपारच्या वेळी ती गेली. शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. नंतर तिला पुसणं, चादरीत गुंडाळणं, सगळं मीच केलं. रडत होते, पण हात थरथरला नाही. तेव्हापासून तो थरथरलेलाच नाही. याचा आनंद मानावा की काय, मला कळत नाही.

ताई, भडका समोरून उडतो. तुझी पाठ कशी भाजली? उत्तर लिहू नकोस. तुझी लेक बेबी त्यांच्याकडे आहे, म्हणून तू काय लिहिशील ते मला आताच ठाऊक आहे. परवा मी आईला सगळं सांगितलं. आधी ती म्हणाली, दिल्या घरी पोरीने निभावून न्यावं. मग मी तिला गंगूची पाठ कशी होती ते सांगितलं. तशी तिने उठून माळ्यावरचं तुझं अंथरूण काढलं आणि उन्हात टाकलं. रविवारी सकाळी धर्मराजमामा आणि मी अंबरनाथला तुझ्या सासरी येतोय. तुझ्या सासूबाईंना सांगू, आई आजारी आहे, लेकीला आणि नातीला बघायचं म्हणते. बेबीला तयार ठेव, तिला कडेवर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस. तोवर स्वयंपाकाला बसशील तेव्हा भिंतीला पाठ लावून बस. हे पत्र बारीक फाडून मोरीत सोडून दे, जाळत बसू नकोस. आणि रविवारी निघताना तुझा हात कापायला लागला, तर माझा धर.

तुझीच भित्री भागूबाई,
अंजू