टोपलीचं वजन

आये, तुझ्या काट्यानं काल मला चारचौघींत तोंडघशी पाडलं. तोच तो गोल तबकडीचा, वर कडी नि खाली हूक असलेला. लग्न होऊन मी आपल्या थळ गावातल्याच दुसऱ्या आळीत आले तेव्हा तू बाकी काही दिलं नाहीस, हा काटा दिलास, आणि वर दम भरलास, "टोपलीचं वजन गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालू नको. टोपली टांगायच्या आधी सुई तेवढी मागं घे." तू जाऊन सतरा वर्षं झाली. काचेला तडा गेलाय, पण काटा अजून माझ्या मासळी वाळवायच्या खळ्यावरच्या छपरीत टांगलेला आहे, आणि सुई मी रोज न चुकता मागं घेते. अजून एकाही गिऱ्हाइकानं माझ्या सुकटीच्या वजनाबद्दल तोंड उघडलेलं नाही.

तू माझी पोर पाहिली नाहीस. पाच वर्षांची आहे, डोळे तुझे, हट्ट माझा. दोन महिन्यांपूर्वी अंगणवाडीतल्या बाईंनी तिचं वजन केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, वयाच्या मानानं फारच आहे. पळताना दम लागतो तिला. खाण्याकडे बघा आणि मोबाईल कमी करा." माझं डोकंच सणकलं. म्हटलं, हिचं माझ्याशी जुनं वाकडं आहे, एकदा मी हिला बोंबील द्यायचं नाकारलं होतं त्याचा राग काढते आहे. घरी येऊन पोरीला चादरीच्या झोळीत बसवलं आणि तुझ्या काट्याला टांगलं. अंगणवाडीपेक्षा तीन किलो कमी! मग काय, मी दुसऱ्या दिवशी फाटकातूनच ओरडून सांगितलं, "तुमचा काटा दुरुस्त करून घ्या आधी."

पण फ्रॉकची चेन लागत नव्हती, हे मलाही दिसत होतंच की. तेव्हा मी मनाशी असं ठरवलं, की वजन वाढलेलं नाही, आणि वाढलं असेलच तर ते सासूनं वाढवलं. हसू नको. मी बाजारात जायची त्या वेळात पोर तिच्याजवळ असायची. आल्याबरोबर मी पोरीची बोटं हुंगायची, मसाल्याचा वास येतो का म्हणून. तोंड उघडायला लावायची. बिस्किटांच्या डब्याचं झाकण मुद्दाम थोडं तिरकं ठेवून जायची आणि परत आल्यावर ते सरळ झालंय का ते बघायची. केराची बादली उलटीपालटी केली. एकदा झाकण सरळ दिसलं तर मला आनंदच झाला बघ, जणू चोर सापडला. सासू म्हणाली, "मुंग्या लागतील गो, म्हणून नीट लावलं." मी मनात म्हटलं, बरोबर, मुंग्याच त्या, दोन पायांच्या.

मग एका दुपारी मी बोललेच. म्हटलं, "आई, तुम्ही तिला मोबाईल देता आणि भरवता. कबूल करा नि मोकळ्या व्हा." ती म्हणाली, "मी न्हाय गो देत. माज्या लेकाची पोर हाय ती, तिचं वाईट करीन व्हय मी?" तरी मी थांबले नाही. म्हटलं, मग काय वारा खाऊन फुगली का ती? आणि आजपासून तिच्या ताटाला तुम्ही हात लावायचा नाही. हे पोरीच्या देखत बोलले. सासूनं पिशवी भरली आणि श्रीवर्धनला लेकीकडे निघून गेली. नवरा होडीवरून आला, ऐकून घेतलं, एवढंच म्हणाला, "तुझं समाधान झालं ना?" पोर रोज विचारते आजी कधी येणार, आणि मी रोज म्हणते, येईल. आज अकरावा दिवस आहे.

काल अंगणवाडीच्या बाई खळ्यावर आल्या. शेजारच्या बायका जवळा उलटत होत्या, आणि मी त्यांच्यासमोरच तोरा मिरवत पोरीला पुन्हा काट्याला टांगलं. "बघा म्हटलं, डोळ्यांनी बघा." बाईंनी सुई बघितली. पोर खाली उतरली, झोळी काढली, तरी त्या तबकडीकडेच बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या खाली आहे." टोपलीसाठी मागं घेतलेली सुई मी पोरीसाठी पुढं आणलीच नव्हती, एकदाही नाही. टोपली तीन किलोची आहे आये. न टांगलेली ती टोपली मी लेकीच्या वजनातून वजा करत बसले होते.

बायका हसल्या, हसू देत. तरी माझा सासूवरचा संशय काही हलला नाही. बाईंनी जाता जाता माझ्या मोबाईलमध्ये कुठे बघायचं ते दाखवलं, कार्टून रोज किती वेळ चालतं ते. मी म्हटलं, चला, आता पुरावाच मिळतो, नवऱ्याच्या नाकासमोर धरते. सासू गेल्यापासून वेळ धाडकन कमी झालेला दिसणार, अशी माझी खात्री होती. तर ती होती तेव्हाही रोजचे चार तास, आणि ती गेल्यावरही चारच. एखाद्या दिवशी पाच. मोबाईल तर बाजारात माझ्या कनवटीला असतो गं. म्हणजे उरलेल्या वेळात, मी घरात आणि खळ्यावर असताना.

मग एकेक आठवत गेलं. सकाळी डबे भरायची घाई असते, तेव्हा मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवते, पोर पडद्याकडे बघत आपोआप तोंड उघडते, आणि मी घास कोंबत जाते. पोट भरलं हे तिलाही कळत नाही आणि मलाही नाही. उलट मला बरं वाटायचं, कशी शहाण्यासारखी जेवते. खळ्यावर जवळा पसरताना तिनं मध्ये नाचू नये म्हणून छपरीत बसवते, हातात मोबाईल देते. मग तीन तास ती आहे की नाही हे वळून बघावंसुद्धा लागत नाही.

आणि मला तुझी दोरी आठवली. तू बोंबील वाळवायला दांड्यांवर अडकवायचीस तेव्हा माझ्या घोट्याला जाळ्याची जुनी दोरी बांधायचीस, मी पाण्याकडे जाऊ नये म्हणून. त्यावरून मी तुला किती बोल लावले. लग्नानंतर सासूला, नवऱ्याला, अंगणवाडीतल्या बाईंनासुद्धा सांगून झालं, की माझी आई मला बकरीसारखी खांबाला बांधून ठेवायची, मी माझ्या पोरीला तसं कधी करणार नाही. सासू तेव्हाही म्हणाली होती, "तुजी आई तशी नव्हती गो." मला वाटलं, ही उगाच गोड बोलतेय.

आज सकाळी पोरीला मोबाईल दिला नाही. तिनं खळं डोक्यावर घेतलं, अर्धा जवळा वाळूत गेला, शेवटी रडून रडून माझ्या पायाशी येऊन बसली. जेवताना तिनं अर्धी भाकरी बाजूला सारली. म्हणाली, "पुरे." हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. सुई मी शून्यावर आणून ठेवली आहे. सासूचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा ठेवून दिला. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून हे तुला लिहायला बसले, तू काही उलटून विचारणार नाहीस म्हणून. आता मात्र हा कागद घडी करून काट्यामागं खोचते आणि तिला फोन लावते.

लावायच्या आधी तुला एक सांगायचं राहिलं. मी सगळ्यांना खांब म्हणून सांगत आले. खांब नव्हता. दोरीचं दुसरं टोक तुझ्या पायाला होतं, मी जरा हलले की तू वळून बघायचीस. मला हे तेव्हापासून ठाऊक आहे.