चुलीचा रकाना

थळ, १२ जुलै १९६५
रेशनकार्डांचे फॉर्म शेवटी माझ्याच गळ्यात. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्हांला लोक स्वैपाकघरापर्यंत घेतात." घेतात खरं. नियम असा, एक चूल एक कार्ड. अख्खा कोळीवाडा झाला, यमुनाआजीपाशी अडले. एकटी. जाळी शिवते, सुकी मासळी निवडते, आणि वार लावून जेवते. सात घरं, सात वार. झोपडीत चूलच नाही. रकान्यात काय लिहू?

१४ जुलै
पावसाळा, होड्या वर ओढलेल्या. घरोघर तांदूळ तळाला. काल मंगळवारच्या घरी आजीला नुसती पेज. ती पिऊन उठली, संताप माझा.
म्हटलं, सोमवारच्या घरच्या, पाटलांच्या कार्डावर तुझं नाव घालू. उसळलीच! "एका घरची झाले तं बाकीची दारं बंद. मंग त्यांनी न्हाय म्हटलं तं कुटं जाव मी?"
खोटं नाही.

१५ जुलै
हेडमास्तरांशी कडाक्याचं भांडण. "सरकार सगळ्यांना खायला घालायला लागलं तर होडी कोण ढकलणार?" मी म्हटलं, सत्तरीच्या बाईला ढकलायला लावताय का? "तिला गाव पोसतंय की!" पोसतंय, पेजेवर. अहो, पोटापुरतं सरकारनं द्यायलाच हवं, चूल असो नसो. आवाज चढला. शिपाई ऐकत होता. ऐकू दे.
घरी येऊन लिहिलं: चूल – आहे. समक्ष पाहिली. सही.
फॉर्म गठ्ठ्यात सारला.

१७ जुलै
पुरवठ्याचे साहेब मंगळवारी तपासणीला! खोटी सही सापडली तर नोकरी...
तीन दगड मांडून दिले. माझ्याच चुलीतली राख नेऊन ओतली, वर एक काळंकुट्ट पातेलं. आजीला बजावलं, कशालाही हात लावायचा नाही. "व्हय व्हय."

२० जुलै
कपाळ माझं! साहेब येणार म्हणून म्हातारीनं राख काढली, चूल शेणानं सारवली, वर रांगोळी. पातेलं घासून लख्ख.
साहेब वाकले. "ही कधी पेटलीय का?"
आजी म्हणते, "राखेत पाव्हन्याला बसवू व्हय?"
साहेब हसले नाहीत. फॉर्म घडी करून खिशात घातला. "सही तुमची?"
"माझी."
"बघू."
बघू म्हणजे काय?

२७ जुलै
कार्ड नाही, मेमो नाही. पोस्टमन दिसला की दारात जाते.
पण झालंय भलतंच. काल सोमवार, पाटलांचा वार. आजीला हाक नाही. पाटलीणबाईंना विचारलं. "आता चूल झाली ना तिची. सरकार देतंय म्हन!" आज मंगळवारच्या घरीही तेच उत्तर. म्हणजे दोन दिवस ती... आणि मला बोलली नाही.
चूल मी मांडली. मीच.

२८ जुलै
शाळेतून आले तर आजी माझ्या ओट्यावर. हातात ते लख्ख पातेलं, माझं मला परत द्यायला.
"बाय, आज वार कोनाचा?"
"माझा."
निम्मा भात तिला वाढला. माझ्या कार्डावरही माणूस एकच. सावकाश जेवली, ताट धुऊन पालथं घातलं. मग उंबऱ्यात थांबली.
"आन् उंद्या?"
मी चूल आवरायला लागले.