हत्ती आणि घड्याळकाकांचे हात

सोमवार, ४ मार्च. संध्या. ७.१५
बेस गिटारचा स्पीकर तयार. यापुढे त्याला हत्तीच म्हणायचं. खोका बायकोच्या जुन्या कपाटाच्या दारांचा, पंधरा इंची स्पीकर भंगारातला, अँप्लिफायर एका लाउडस्पीकरवाल्याने टाकून दिलेला. सहा वाजता ट्रायल. एकच तार छेडली आणि रॅकमधला चमचा खाली पडला. यश. बायकोने विचारलं, कपाटाला दारं कधी लावणार. कलेच्या वाटेत असे प्रश्न येतातच.
रोज सहा ते सात रियाज. नियम म्हणजे नियम.

बुधवार, ६ मार्च
बायकोचं मत, हत्तीखाली गादी घाल, खाली घड्याळकाका राहतात. गादीने बेस गुदमरतो हे तिला समजावलं. तिला साउंड इंजिनिअरिंगमधलं काय कळणार. (मलाही परवापर्यंत कळत नव्हतं, पण मी दोन व्हिडिओ पाहिलेत.) शिवाय काकांना ऐकू कमी येतं. त्यांची काही तक्रार नाही.

शनिवार, ९ मार्च. रात्री ८
जिन्यात काका भेटले. चेहरा उतरलेला. म्हणाले, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता हात थरथरायला लागले. स्क्रू चिमट्यात येत नाही. बशीतले स्क्रू डोळ्यांसमोर नाचतात. किती वाजता, असं मी आपलं सहज विचारलं. सहानंतर, म्हणाले. पश्चिमेच्या खिडकीत उजेड तेव्हाच बरा असतो, म्हणून तेव्हाच कामाला बसतात.
त्यांचं टेबल बरोबर हत्तीच्या खाली.
मी म्हणालो, वय झालं, काका.
असं का म्हणालो? तोंडातून निघून गेलं. फार वाईट वाटतंय. उद्या सांगून टाकायचं. आजचा रियाज मात्र केला. मन अस्वस्थ असताना शिस्त मोडू नये.

रविवार, १० मार्च
सांगायला खाली गेलो. काकांनी चहा केला. काठोकाठ भरलेला कप माझ्यापुढे ठेवला, थेंब सांडला नाही. टेबलावर बायकोचं घड्याळ उघडलेलं. तिच्या आईने दिलेलं, वर्षभर बंद पडलंय. काका म्हणाले, हे शेवटचं, मग दुकान बंद. माणूस कामात असताना व्यत्यय आणणं बरं नव्हे. परत आलो.
आजपासून आवाज अर्धा. (साडेसहाला नॉब पुन्हा पूर्ण फिरला. हाताची सवय.)

मंगळवार, १२ मार्च
काकांना डॉक्टरकडे मीच नेलं. हाफ डे टाकून. शेजाऱ्याने एवढं करायलाच हवं. डॉक्टरांनी बोटांवर कागद ठेवून पाहिला. हलला नाही. काका म्हणाले, संध्याकाळी बघा. डॉक्टरांनी मला विचारलं, यांच्या घरी काही नवीन घडलंय का. मी म्हणालो, मी वरच्या मजल्यावर राहतो. हे काही खोटं नाही. गोळ्या दिल्या. त्यांनी झोप येते.
जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा भात घेतलाच नाही.

शुक्रवार, १५ मार्च
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तो माणूस त्या हातांवर जगला, तू त्याला आठ दिवसांत म्हातारं केलंस. लाज वाटली. खरंच वाटली.
ठरलं. उद्या सहाला काकांना टेबलाशी बसवायचं, वर येऊन वाजवायचं. बशीतले स्क्रू नाचले की पुरावाच. मग हत्ती मोडीत.
त्यामुळे आज शेवटचं म्हणून फुल व्हॉल्यूम. पश्चात्तापात बेस वेगळाच लागतो. शेवटी जळका वास आला. कुणाचं तरी दूध करपलं असणार.

शनिवार, १६ मार्च. संध्या. ७.४०
सांगितलं. कानाशी ओरडून सांगितलं, सगळ्या जिन्याला कळलं. काकांना म्हटलं, हात मांडीवर ठेवा आणि फक्त बशीकडे बघा, म्हणजे शंकेला जागा नको. ही कल्पना माझीच.
वर धावलो. तार छेडली. आवाज नाही. नॉब पूर्ण फिरवला. नाही. खोक्याला लाथ मारली. नाही. कालचा वास दुधाचा नव्हता.
खाली गेलो. काका म्हणाले, एक स्क्रू हलला नाही. मी म्हणालो, स्पीकर काल जळला. ते म्हणाले, हो हो, जळला असेल. मग म्हणाले, हात लांब ठेवले तर स्क्रू जागेवर राहतात, म्हणजे खोट हातातच. बरं झालं, शंका फिटली. मी चिमटा त्यांच्या हातात द्यायला गेलो. म्हणाले, आता परीक्षा पुरे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढं खोटं कोण बोलतं, तू मनाने चांगला आहेस.
हत्यारांची पेटी मला दिली. तुला अशा कामाची हौस आहे, म्हणाले. पेटीवर बायकोचं घड्याळ ठेवलं, अर्धवट. पेटी देताना त्यांचा हात स्थिर होता.

रविवार, १७ मार्च. संध्या. ७.०५
भंगारवाल्याकडे दुसरा पंधरा इंची नाही. आज बायकोच म्हणाली, मिळेल तो आण, मोठा आण.
मिळाला नाही. सहा वाजता टेबलाच्या बरोबर वर उभा राहून उड्या मारायला लागलो. स्क्रू हलायला तेवढं पुरेल, असा हिशोब. साडेसहाला बायको खाली पाहून आली. काका गोळी घेऊन झोपलेत. टेबल पुसलेलं, बशी धुऊन पालथी घातलेली.
तरी सातपर्यंत उड्या मारल्या. नियम म्हणजे नियम.