गेजला कोण तपासतं?

जोगेश्वरी पूर्व,
६ जून २०२५

चि. हेमांगीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. मुलुंडला सगळे मजेत ना? देवेशरावांचा गुडघा कसा आहे? फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनवर मी विषय बदलतो, तुला ठाऊक आहे.

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात गेल्या महिन्यात वाट लागली. हजारभर पिना परत आल्या, जाड म्हणून. जाडी तपासायचं आमचं भोकाचं माप, म्हणजे गेज, त्यातून तर एकूण एक सरकली होती! शेवटी कळलं, गेजचं भोकच झिजून मोठं झालंय. तेव्हा तू आठवलीस. लहानपणी माझा डबा घेऊन कारखान्यात यायचीस आणि विचारायचीस, "दादा, गेज पिना तपासतं, मग गेजला कोण तपासतं?" मी म्हणायचो, "डबा ठेव आणि पळ, बाई."

आपल्या जोगेश्वरीच्या लेण्यांतही तुझं तेच. "डोळे मिटले तर हे खांब असतात का रे?"

"मिटून चाल, आपटलीस की कळेल."

तू खरंच मिटून चाललीस, माझा हात धरून. किती छान दिवस होते गं ते.

आता आमच्या ऋतिकाला बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचंय. तिची आई तिला म्हणाली, "त्यानं पोट भरतं का?" तर पोरगी माझ्याकडे वळून म्हणते, "पप्पा, गेज बरोबर आहे का, हे वर्षभर तुमच्याकडे कुणीच विचारलं नाही ना?" फॉर्मवर पालकाची सही हवी आहे. पेन हातात घेतलं आणि तसाच बसून राहिलो.

हेमांगी, तुझ्या वेळी तत्त्वज्ञानाच्या जागा भरल्या नव्हत्या. मी कॉलेजात गेलोच नाही. तू विश्वासानं माझ्या हाती फॉर्म दिलास, मी अर्ध्या वाटेतून परतलो, जागा भरल्या असं खोटं बोललो आणि तुला कॉमर्सला घातलं. गिरणी बंद पडलेली, बाबा घरी, मला भीती वाटली. पण ही सबब झाली. खांब खरा आहे का विचारणारी तू, माझा शब्द मात्र तपासला नाहीस. बावीस वर्षं तेच मला खातंय.

तो फॉर्म माझ्याच्यानं फाडवला नाही. सोबत पाठवतोय, तुझं अक्षर अजून तसंच आहे.

रविवारी ये. ऋतिकाच्या फॉर्मवर सही तुझ्यासमोरच करेन. रागाव, भांड, विचारायचं ते विचार. फक्त या वेळी माझं उत्तर तपासून घे.

डोळे मिटलेल्या तुला हात धरून खांबावर नेणारा,
दादा